क्लबच्या जुन्या खेळाडूला निरोप : समर्थकांनी स्मरण कसे करावे

भारताच्या फुटबॉल संघाचे माजी कर्णधार चुनी गोस्वामी यांचे ३० एप्रिल २०२० रोजी कोलकात्यात निधन झाले, तेव्हा देशभर टाळेबंदी होती. मोहन बागान या तेथील फुटबॉल क्लबचा एखादा थोर खेळाडू गेला, की त्याचे पार्थिव मैदानावरील क्लबच्या वास्तूत, जिला तेथील लोक आजही जुन्या सवयीने तंबूच म्हणतात, दर्शनासाठी आणण्याची त्या शहराची रीत आहे. वयाच्या आठव्या वर्षी, १९४६ साली, जो मुलगा या क्लबच्या कनिष्ठ संघात आला, १९५४ पासून १९६८ पर्यंत जो त्याच्या मुख्य संघाकडून खेळला आणि त्या साऱ्या काळात ज्याने दुसऱ्या कोणत्याही क्लबची जर्सी अंगावर घातली नाही, त्याला समर्थकांना मात्र आपापल्या घरातूनच निरोप द्यावा लागला. त्यानंतर जवळजवळ तीन वर्षांनी, १५ एप्रिल २०२३ रोजी, बंगाली नववर्षाच्या दिवशी, क्लबच्या प्रवेशद्वाराला त्यांचे नाव देण्यात आले.

निधनाची बातमी आणि दारावरचे नाव यांच्या दरम्यान जे करायचे असते, त्याविषयी हा लेख आहे. कोल्हापूरच्या फुटबॉल खेळणाऱ्या तालमी, गोव्यातील गावोगावचे क्लब, मुंबईतील जुने संघ आणि परदेशी क्लबांवर जीव लावणारे इथले समर्थक, या सर्वांवर ही वेळ येते आणि बहुतेकदा ती तयारीविना येते. मग घाईने फलक लागतो, सामन्याआधी दोन मिनिटे सर्व जण स्तब्ध उभे राहतात, आणि महिन्याभरात त्या खेळाडूविषयी सांगण्यासारखे कोणाजवळ काही उरत नाही. म्हणून माझा आग्रह असा आहे, की आधी त्याचा खेळ गोळा करावा आणि मग हार घालावा. खेळाडूने क्लबला दिलेली वस्तू म्हणजे त्याचा खेळ होय, आणि तो खेळ पाहिलेली माणसेही त्याच्याच वयाची असतात.

पहिले दोन दिवस

बातमी कानावर आली, की ती पुढे पाठवण्यापूर्वी घरच्या माणसाकडून किंवा क्लबच्या जबाबदार पदाधिकाऱ्याकडून तिची खात्री करून घ्यावी. आजारी असलेल्या जुन्या खेळाडूंच्या मृत्यूच्या खोट्या बातम्या वरचेवर पसरतात, आणि त्या वाचून ज्या घरात फोन खणखणू लागतात, त्या घरात तो माणूस अजून श्वास घेत असतो. हा आघात समर्थकांच्या हातून होता कामा नये. मृत्यूचे कारण कुटुंबाने स्वतःहून सांगितले नसेल, तर ते विचारू नये, लिहू नये आणि त्याविषयी तर्क लढवू नयेत. रुग्णालयातील किंवा अंत्यदर्शनाची छायाचित्रेही पसरवू नयेत.

कुटुंबाशी बोलण्यासाठी एकाच माणसाची निवड करावी. तो शक्यतो खेळाडूचा जुना सहकारी असावा, ज्याला त्या घरात कोणी अनोळखी समजणार नाही. त्याने मोजक्याच गोष्टी विचाराव्यात : समर्थक अंत्यविधीला आले तर चालतील का, क्लबचा ध्वज पार्थिवावर ठेवण्याची घरच्यांची इच्छा आहे का, आणि सार्वजनिक श्रद्धांजलीला त्यांची काही हरकत आहे का. उत्तर नकारार्थी आले, तर तेथेच थांबावे. काही खेळाडूंचा क्लबशी शेवटच्या वर्षांत अबोला झालेला असतो. निवड समितीने कधी डावललेले असते, थकलेले मानधन मिळालेले नसते, आजारपणात कोणी विचारपूस केलेली नसते. प्रेक्षकांच्या बाकावरून हे दिसत नाही. घरात मात्र ते सर्वांना ठाऊक असते. अशा घरात ध्वज घेऊन जाणे म्हणजे जखमेवर बोट ठेवणे होय.

धर्माप्रमाणे आणि गावाप्रमाणे वेळ पाळावी लागते. कोल्हापूर भागात रक्षाविसर्जन लवकर, बहुधा तिसऱ्या दिवशी होते आणि त्याला गल्लीतील माणसे आवर्जून जातात. तेथे क्लबने भाषणे करू नयेत, नुसते हजर राहावे. मुस्लिम खेळाडूचा दफनविधी शक्य तितक्या लवकर उरकला जातो, त्यामुळे बातमी कळल्यावर सभा बोलावून निर्णय घेत बसण्यास वेळ नसतो. गोव्यातील ख्रिस्ती कुटुंबात दफनाच्या वेळी मिस्सा, म्हणजे चर्चमधील प्रार्थनाविधी, होतो आणि पुढे महिन्याच्या मिस्सालाही माणसे जमतात. चर्चमध्ये काही वाचायचे असेल, तर धर्मगुरूंची परवानगी आधीच घ्यावी. घोषणा, ढोल आणि फटाके यांचे स्थान मैदानावर आहे, स्मशानात किंवा दफनभूमीत नाही.

पैशांविषयीही येथेच सांगायला हवे. जुन्या खेळाडूंपैकी अनेकांची घरे साधी असतात आणि आजारपणाने ती आणखी खचलेली असतात. मदत करावी, अवश्य करावी. पण कुटुंबाच्या संमतीशिवाय त्यांच्या नावाने पैसे गोळा करू नयेत. हिशेब दोघांनी मिळून ठेवावा, रक्कम थेट कुटुंबाच्या खात्यात जमा करावी आणि किती दिले हे व्यासपीठावरून सांगू नये.

आठवणी गोळा करणे

हे काम सर्वांत महत्त्वाचे आहे, आणि नेमके तेच बहुतेक ठिकाणी होत नाही. पहिल्या आठवड्यात दोन-तीन तरुणांनी एक वही घ्यावी आणि त्या खेळाडूला प्रत्यक्ष खेळताना पाहिलेल्या माणसांची यादी करावी. यादीत केवळ सहकारी खेळाडू नसावेत. प्रतिस्पर्धी संघाचा ज्या बचावपटूने त्याला अडवण्यात आपली उमेद घालवली, तो असावा; सामने खेळवणारे पंच, मैदानाची निगा राखणारा माणूस, शाळेतील क्रीडाशिक्षक, बूट शिवून देणारा कारागीर आणि दर सामन्याला त्याच जागी बसणारे वृद्ध प्रेक्षक हेही असावेत. यादी वयाप्रमाणे लावावी आणि सर्वांत वृद्ध माणसाकडे सर्वांत आधी जावे.

जाताना फोनवर आवाज मुद्रित करण्याची परवानगी विचारावी. प्रश्न नेमके असावेत. तो कसा खेळाडू होता, असे विचारले की उत्तर ठरलेले येते : फार मोठा खेळाडू, फार चांगला माणूस. त्याऐवजी असे विचारावे, की चेंडू तो कोणत्या पायावर घ्यायचा, चेंडू नसताना कोठे उभा राहायचा, पावसाळी चिखलात त्याचा खेळ बदलायचा का, गोल झाल्यावर काय करायचा, हरल्यावर कोणाशी बोलायचा, पंचाशी त्याचे कधी वाजले का. अशा प्रश्नांनी वृद्ध माणसाच्या डोळ्यांसमोर मैदान पुन्हा उभे राहते. काही जण बोलता बोलता उठून पायाने ती हालचाल करून दाखवतात. अशा वेळी आवाजावर न थांबता चित्रीकरणही करावे.

चुनी गोस्वामी यांचेच उदाहरण घेऊन सांगतो. त्यांच्याविषयी 'भारतीय फुटबॉलमधील महान खेळाडू' असे लिहिणारा माणूस काहीच सांगत नाही. परंतु १९६२ सालच्या जकार्ता आशियाई स्पर्धेत चोवीस वर्षांचा हा कर्णधार दक्षिण कोरियाविरुद्धचा पहिला सामना ०-२ असा हरला, उपांत्य फेरीत दक्षिण व्हिएतनामवर ३-२ असा विजय मिळवताना त्याने स्वतः दोन गोल केले, आणि ४ सप्टेंबरला प्रेक्षागृह भारताच्या विरोधात ओरडत असताना त्याच दक्षिण कोरियाला २-१ असे हरवून त्याने सुवर्णपदक घेतले, असे सांगितले की ऐकणाऱ्यापुढे एक माणूस उभा राहतो. अंतिम सामन्यातील दोन्ही गोल पी. के. बॅनर्जी आणि जर्नेलसिंग यांचे होते. जर्नेलसिंग मूळचे बचावपटू, आधीच्या सामन्यात डोक्याला दुखापत होऊन टाके पडलेले, तरी त्यांना पुढे आघाडीवर खेळवण्यात आले होते. कर्णधाराच्या आठवणीत सहकाऱ्याची ही जखमही आली पाहिजे, कारण त्या संघाचे धाडस त्याच जखमेतून कळते.

साक्षीदार कधी कधी अनपेक्षित ठिकाणी सापडतात. मोहन बागान रोव्हर्स चषकासाठी मुंबईला येत असे आणि १९५५ साली तो चषक त्यांनी जिंकलाही होता. त्यामुळे तेथील कूपरेज मैदानाच्या बाकांवर बसून चुनींचा खेळ पाहिलेला एखादा वृद्ध मुंबईकर आजही भेटू शकतो. दुसरी वाट क्रिकेटची आहे. चुनी बंगालकडून रणजी करंडकात खेळले. १९६६ साली दौऱ्यावर आलेल्या वेस्ट इंडीज संघाविरुद्ध इंदूरच्या सामन्यात त्यांनी मध्यमगती गोलंदाजी करून एकूण आठ बळी घेतले, आणि १९७१-७२ च्या हंगामात रणजीच्या अंतिम सामन्यात मुंबईविरुद्ध ते बंगालचे कर्णधार होते. मुंबईच्या जुन्या क्रिकेटप्रेमींच्या मनात त्यांचे चित्र पांढऱ्या कपड्यांतले आहे. म्हणूनच २०२३ साली फुटबॉल क्लबच्या त्या प्रवेशद्वाराचे उद्घाटन सुनील गावसकर यांच्या हस्ते झाले, यात मला काहीही विसंगत वाटले नाही. आपल्याकडेही एकच माणूस सकाळी तालमीत कुस्ती आणि दुपारी मैदानावर फुटबॉल खेळत असे. त्याची यादी करताना कुस्तीच्या वस्तादांकडेही जायला विसरू नये.

जमलेल्या आठवणी तपासून घ्याव्यात. प्रेमाने सांगितलेल्या गोष्टीत साल चुकते, प्रतिस्पर्धी बदलतो आणि गोलांची संख्या वाढते. सामन्याचा निकाल स्थानिक वर्तमानपत्राच्या जुन्या फायलींत, संघटनेच्या नोंदवहीत किंवा खेळाडूच्या घरच्या कात्रणांत सापडतो. जे तेथे सापडेल ते तथ्य म्हणून लिहावे; जे सापडणार नाही, पण गोड आहे, ते 'असे सांगतात' म्हणून लिहावे. इंग्लंडच्या टॉटनहॅम क्लबने चुनींना बोलावले होते, ही गोष्ट बंगालमध्ये घरोघरी सांगितली जाते. ती सांगावी, पण सांगण्यातली म्हणून सांगावी. एकूण गोलांच्या आकड्यांपासून तर दूरच राहिलेले बरे, कारण त्या काळातील भारतीय फुटबॉलच्या बेरजा प्रत्येक ठिकाणी वेगळ्या आढळतात, आणि चुकीचा आकडा एकदा फलकावर चढला की पुढची पन्नास वर्षे तो उतरत नाही.

फलक आणि छायाचित्र

आमच्या पेठेत काही वर्षांपूर्वी एका जुन्या आघाडीपटूचे निधन झाले, तेव्हा आम्ही रातोरात फलक छापून आणला. हाती लागलेले छायाचित्र आजारपणातले होते, गाल बसलेले आणि नजर हरवलेली. सकाळी त्यांच्या मुलीने तो फलक पाहिला आणि तो काढून टाकण्याची विनंती केली, कारण तिचे वडील असे दिसत नव्हते. आम्ही तो काढला, परंतु तिने तो पाहिला होता, ही गोष्ट काही मागे घेता आली नाही. तेव्हापासून मी सर्वांना हेच सांगत आलो आहे, की छायाचित्र कुटुंबाने निवडावे. ते खेळतानाचे असावे, आपल्या क्लबच्या जर्सीतले असावे, आणि एखादा हंगाम तो दुसऱ्या संघाकडून खेळला असेल तर जर्सीचे रंग नीट पाहून घ्यावेत. छायाचित्र वर्तमानपत्रातील असेल, तर ते वापरण्याची परवानगी घ्यावी आणि छायाचित्रकाराचे नाव खाली छापावे.

नावही घरच्यांना विचारून लिहावे. मैदानावरच्या टोपणनावाने सारे गाव ओळखत असले, तरी पूर्ण नाव वर आणि टोपणनाव खाली, हा क्रम मला योग्य वाटतो. चुनी गोस्वामी यांचेही मूळ नाव सुबिमल होते. फलकावर खेळाडूशिवाय दुसऱ्या कोणाचाही चेहरा नसावा. आपल्याकडे श्रद्धांजलीच्या फलकावर नेते, नगरसेवक आणि शुभेच्छुक यांच्या चेहऱ्यांची रांग लागते आणि गेलेला माणूस कोपऱ्यात जातो. फलकाचा खर्च कोणी केला असेल, तर त्याचे आभार स्वतंत्रपणे मानावेत. एक चेहरा, नाव, जन्म-मृत्यूची वर्षे, क्लबसाठी खेळलेली वर्षे, एवढे पुरेसे आहे.

मैदानावर

सामन्याआधीच्या श्रद्धांजलीसाठी आयोजक संघटना, दोन्ही क्लब आणि पंच यांना किमान एक दिवस आधी कळवावे. दोन्ही संघ मध्यवर्तुळाभोवती उभे राहतील, पंच शिट्टी वाजवून सुरुवात करतील आणि शिट्टीनेच शेवट करतील, हे आधीच ठरवावे. निवेदकाला चार-पाच वाक्यांचा लेखी मजकूर द्यावा, कारण ऐनवेळी बोलणारा निवेदक नाव चुकवतो. मोठ्या गर्दीत दोन मिनिटांऐवजी एकच मिनिट ठेवणे मला श्रेयस्कर वाटते. एक मिनिट खरोखर शांत राहते. दुसऱ्या मिनिटात मागच्या रांगांतून बोलणे सुरू होते आणि आधीची शांतताही वाया जाते. हलगी आणि ढोल वाजवणाऱ्यांना स्वतः भेटून सांगावे. काळ्या फिती क्लबने नेमक्या संख्येने आणून ठेवाव्यात, राखीव खेळाडूंसाठीही.

मौन की टाळ्या, हा प्रश्न आता सर्वत्र विचारला जातो. मौनाची परंपरा जुनी आहे, टाळ्यांची रीत युरोपातील मैदानांवर अलीकडे रुजली. टाळ्यांचा एक व्यावहारिक लाभ असा, की त्यात कोणी ओरडले तरी श्रद्धांजलीचा भंग होत नाही. तरीही निवड मृत्यूच्या स्वरूपावरून करावी, असे मला वाटते. भरपूर जगून, नातवंडे पाहून गेलेल्या खेळाडूसाठी टाळ्या शोभतात, कारण त्याने आयुष्यभर ऐकलेला आवाज तोच असतो. अकाली गेलेल्यासाठी मौन ठेवावे.

हे काम किती साधेपणाने आणि किती विचाराने करता येते, याचा नमुना म्हणून मी २४ ऑक्टोबर २०२३ ची, इंग्लंडच्या मँचेस्टर युनायटेड क्लबच्या ओल्ड ट्रॅफर्ड मैदानावरील रात्र नेहमी सांगतो. सर बॉबी चार्ल्टन तीन दिवसांपूर्वी, वयाच्या शहाऐंशीव्या वर्षी गेले होते. मँचेस्टर युनायटेडसाठी त्यांनी ७५८ सामन्यांत २४९ गोल केले होते. कोपनहेगनविरुद्धच्या सामन्याआधी एकटा बॅगपाइपवादक वाजवत मैदानात आला आणि त्याच्यामागून पुष्पचक्र घेऊन तिघे आले : त्या वेळचे प्रशिक्षक एरिक टेन हाग, १९६८ च्या युरोपियन चषकाच्या अंतिम सामन्यात चार्ल्टन यांच्याबरोबर खेळलेले गोलरक्षक ॲलेक्स स्टेप्नी आणि युवा संघाचा कर्णधार डॅन गोर. मग मौन झाले. भाषण झाले नाही, पदाधिकाऱ्यांची रांग लागली नाही. जुना सहकारी, आजचा प्रशिक्षक आणि उद्याचा खेळाडू यांनी मिळून फुले वाहावीत, ही कल्पना आपल्या कोणत्याही मैदानावर पैसे न खर्चता उचलता येते, आणि ती उचलावी असे मी आग्रहाने म्हणतो.

जर्सीच्या क्रमांकाच्या मिनिटाला टाळ्या वाजवण्याची रीतही आता आपल्याकडे येत आहे. स्पेनच्या एस्पान्योल क्लबचा कर्णधार दानी हार्के ऑगस्ट २००९ मध्ये गेला, त्याचा क्रमांक २१ होता, आणि त्या क्लबचे समर्थक तेव्हापासून एकविसाव्या मिनिटाला टाळ्या वाजवतात. इंग्लंडच्या लीड्स क्लबचे उदाहरण माजी खेळाडूचे आहे. गॅरी स्पीड १९९२ साली त्या क्लबबरोबर इंग्लंडची लीग जिंकला आणि १९९६ साली क्लब सोडून गेला. तो २७ नोव्हेंबर २०११ रोजी गेला, तेव्हा त्याला क्लब सोडून पंधरा वर्षे झाली होती. दोनच दिवसांनी नॉटिंगहॅमच्या परक्या मैदानावर लीड्सच्या समर्थकांनी अकराव्या मिनिटापासून सलग अकरा मिनिटे त्याच्या नावाचे गाणे म्हटले, कारण त्याच्या पाठीवर ११ हा आकडा होता. कोणत्याही वर्गणीशिवाय आणि परवानगीशिवाय झालेले हे स्मरण आहे.

मात्र ही रीत जुन्या खेळाडूंवर डोळे झाकून लादू नये. चुनींच्या काळात क्रमांक खेळाडूचा नसे, जागेचा असे. जो त्या जागी खेळेल, त्याच्या पाठीवर तो आकडा येई. अशा खेळाडूसाठी एखाद्या संस्मरणीय गोलाचे मिनिट निवडावे, ते नक्की माहीत असेल तर. नाहीतर मिनिटाचा हट्ट सोडून द्यावा.

क्रमांक कायमचा निवृत्त करण्याची, म्हणजे तो पुढे कोणालाही न देण्याची, मागणीही समर्थकांनी पहिल्याच आठवड्यात करू नये. गोव्याच्या डेम्पो क्लबने क्रिस्तियानो ज्युनियर या ब्राझिलियन आघाडीपटूचा १० क्रमांक निवृत्त केला, तो एका विलक्षण प्रसंगानंतर. ५ डिसेंबर २००४ रोजी बेंगळुरूमध्ये फेडरेशन चषकाच्या अंतिम सामन्यात मोहन बागानविरुद्ध त्याने दोन गोल केले आणि दुसरा गोल करताना झालेल्या धडकेनंतर मैदानावरच त्याचे प्राण गेले. डेम्पोने तो चषक २-० असा जिंकला. असा निर्णय क्लबचा असतो आणि तो विरळाच घेतला जावा. अशा मृत्यूच्या वेळी समोरच्या खेळाडूवर राग काढण्याचा मोह होतो. समर्थकांच्या म्होरक्यांनी तो त्याच क्षणी आवरला पाहिजे, कारण त्या धडकेतील दुसरा माणूसही आयुष्यभर ती धडक सोबत वागवणार असतो.

प्रतिस्पर्ध्यांना बोलवा

ज्यांच्याविरुद्ध तो खेळला, त्यांच्याशिवाय त्याची गोष्ट पुरी होत नाही. भारताच्या आघाडीच्या फळीत पी. के. बॅनर्जी, चुनी आणि तुलसीदास बलराम ही नावे एका दमात घेतली जातात. क्लबच्या हिशेबात मात्र पी. के. ईस्टर्न रेल्वेचे, चुनी मोहन बागानचे आणि बलराम ईस्ट बंगालचे. पी. के. २० मार्च २०२० रोजी गेले, चुनी त्यानंतर सहाच आठवड्यांनी आणि बलराम १६ फेब्रुवारी २०२३ रोजी. या तिघांपैकी एकाचे स्मरण करणाऱ्याला उरलेल्या दोघांचे नाव घ्यावेच लागते. जकार्ताच्या त्याच संघातील फोर्तुनातो फ्रँको गोव्यात जन्मले आणि मुंबईच्या टाटा संघाकडून खेळले. १० मे २०२१ रोजी, महासाथीच्या दुसऱ्या लाटेत ते गेले, आणि त्यांनाही गर्दीचा निरोप मिळाला नाही. महाराष्ट्र आणि गोव्यातील समर्थकांनी १९६२ ची आठवण काढताना हे नाव विसरता कामा नये.

आपल्या शहरात दोन पेठांचे कितीही वैर असो, स्मृतिसभेचे निमंत्रण समोरच्या तालमीला लेखी द्यावे आणि त्यांच्यातील एका जुन्या खेळाडूला बोलण्याची विनंती करावी. अशा सभेतील सर्वांत खरे शब्द मी नेहमी प्रतिस्पर्ध्याच्या तोंडून ऐकले आहेत.

स्मृतिसभा

सभा घरचे विधी आटोपल्यानंतर घ्यावी. तेराव्यानंतरचा रविवार किंवा महिन्याचा दिवस सोयीचा पडतो. दीड तासाहून अधिक लांबवू नये. बोलण्याचा क्रम उलटा ठेवावा : आधी सहकारी, मग प्रतिस्पर्धी, मग प्रेक्षकांपैकी कोणी, घरचे कोणी इच्छुक असेल तर ते, आणि सर्वांत शेवटी, थोडक्यात, पदाधिकारी. पत्नीने किंवा मुलीने बोलायचे ठरवले, तर वेळेची मर्यादा सांगू नये. ज्या बाईने तीस वर्षे चिखलाच्या जर्सी धुतल्या आणि सुजलेले गुडघे शेकले, तिच्याजवळ त्या खेळाडूचा असा इतिहास असतो, जो कोणत्याही नोंदवहीत मिळणार नाही.

मुद्रित केलेल्या आठवणींतील दोन-तीन तुकडे सभेत ऐकवावेत. एका मेजावर त्याचे बूट, जर्सी, ओळखपत्र आणि कात्रणे मांडावीत आणि सभा संपल्यावर ती मोजून, यादी तपासून घरच्यांना परत द्यावीत. अशा वस्तू 'जपून ठेवण्यासाठी' नेल्या जातात आणि पुन्हा दिसत नाहीत, ही तक्रार अनेक घरांतून ऐकू येते. शोकवही सभेच्या दारात ठेवावी, तिच्यात नावाबरोबर प्रत्येकाने पाहिलेला एक सामना लिहावा अशी विनंती करावी, आणि ती भरली की कुटुंबाकडे सोपवावी. सभेला लहान मुलांच्या संघालाही बोलवावे; त्यांनी तो खेळाडू पाहिलेला नसतो, म्हणूनच त्यांनी ऐकणे गरजेचे आहे.

पुढील वर्षांसाठी

कायमचे स्मारक ठरवताना घाई नको. स्मृतिचषकाची घोषणा उत्साहात होते, पहिल्या वर्षी मोठी बक्षिसे लागतात, आणि तिसऱ्या वर्षी प्रायोजक मिळत नाही म्हणून ती स्पर्धा नाव न घेता बंद पडते. त्या बंद पडण्याचा सल कुटुंबाला सर्वाधिक लागतो. म्हणून दर वर्षी निश्चितपणे करता येईल तेवढेच हाती घ्यावे : क्लबच्या कुमार संघातील एका मुलाला त्या खेळाडूच्या नावाने बूटजोड, किंवा हंगामाच्या पहिल्या सामन्यात त्याच्या नावाचा उल्लेख. दहा वर्षे चाललेली बूटजोडी मला दोन वर्षे चाललेल्या चषकाहून मोठी वाटते. प्रवेशद्वार, बाकांचा विभाग किंवा सरावाच्या मैदानाला नाव देणे हे टिकाऊ असते. चुनींच्या दाराला तीन वर्षे लागली, पण आता मोहन बागानच्या दारातून आत जाणाऱ्याला ते नाव वाचावेच लागते.

हयातीत केलेला सन्मान मात्र या सर्वांहून वेगळा असतो. चुनींना मोहन बागानने २००५ साली मोहन बागान रत्न हा आपला पुरस्कार दिला, आणि १५ जानेवारी २०२० रोजी, त्यांच्या ब्याऐंशीव्या वाढदिवशी, टपाल खात्याने त्यांच्यावर तिकीट काढले. त्यानंतर ते साडेतीन महिने जगले. टपाल तिकीट आपल्या हाती नाही. परंतु ज्या वहीत गेलेल्या खेळाडूच्या साक्षीदारांची यादी केली, तिच्याच पुढच्या पानावर क्लबच्या हयात असलेल्या जुन्या खेळाडूंची नावे वयानुसार लिहिता येतात. हंगाम सुरू होण्याआधी त्यांच्यापैकी पहिल्या पाच जणांकडे फोन घेऊन जावे आणि तेच प्रश्न त्यांना स्वतःविषयी विचारावेत. मुद्रणाच्या तीन प्रती कराव्यात : एक त्यांच्या घरी, एक क्लबच्या कपाटात आणि एक शहरातील ग्रंथालयात, प्रत्येकीवर नाव, तारीख आणि बोलणाऱ्याचे वय लिहून.